पडलेल्या चिंचेचं बाकडं

आमच्या दारातली चिंच पडली तेव्हा ती कुणाच्याही अंगावर पडली नाही, हीच तिची चूक झाली. एखाद्याचे पत्रे, निदान शेजारच्या केरबाची मोटारसायकल जरी तिच्याखाली सापडली असती तर गल्लीला तिच्याबद्दल थोडा आदर वाटला असता. पण वळवाच्या वाऱ्यात ती बिचारी आमच्याच अंगणात, कुंपणाच्या आत, शिस्तीत आडवी झाली. सकाळी बायका आल्या, हळहळल्या, आणि जाताना फांद्यांवर उरलेल्या चिंचा ओच्यात भरून घेऊन गेल्या. मयताच्या घरून काही नेऊ नये म्हणतात, पण हा नियम बहुतेक माणसांपुरताच असावा.

मी नवी नवरी म्हणून जळकोटात आले तेव्हाही ती चिंच अशीच म्हातारी होती. तिच्याखाली कासार बसायचा, कल्हईवाला भाता मांडायचा. कुणाच्या लेकीच्या मनगटात कोणत्या रंगाच्या बांगड्या भरल्या, ते मला अजून सांगता येईल. सकाळी काय जेवले ते मात्र विचारू नका. बुंध्याशी एक सपाट दगड होता. त्यावर माझे यजमान, गुरुपादप्पा मास्तर, शाळेतून आल्यावर बसत आणि शाळा सुटल्यावरही, म्हणजे निवृत्त झाल्यावरही, बसतच राहिले. चिंच पडली ती नेमकी त्या दगडावर. दगडाचे तुकडे झाले आणि मास्तरांना बसायला जागा उरली नाही.

याच सुमारास मास्तरांच्या छातीत पाणी झालं. लातूरच्या डॉक्टरांनी आमच्या मुलाला, रविकिरणला, बाजूला घेऊन सांगितलं, "पावसाळा निघेल. पुढचं सांगता येत नाही." मास्तरांनी ते दाराआडून ऐकलं. वर्गाबाहेर उभं राहून आत पोरं काय बोलतात ते ऐकण्यात त्यांचा जन्म गेला होता. गाडीनं परत आले, घराशी उतरले, आडव्या चिंचेकडं बघितलं आणि म्हणाले, "दानम्मा, या झाडाचं बाकडं करायचं. पावसाळा सरायच्या आत मला त्याच्यावर बसायचंय."

एवढंच. राजवाडा नको, काशीयात्रा नको, एक बाकडं. मला वाटलं, आठवड्याचं काम.

पहिला सल्ला केरबाच्या बायकोचा, गुणाबाईचा. ती कुंपणापलीकडून म्हणाली, "अक्का, चिंचंचं लाकूड घरात आणू नये. तिला हातच लावू नका. हाय तिथं कुजू द्या."

"मास्तरांना बाकडं पाहिजे."

"मग पिलाष्टिकच्या खुर्च्या आणा की. लई हलक्या असत्यात."

तिच्या आवाजात नेहमीपेक्षा जास्त कळकळ होती. मी ती शेजारधर्मात जमा केली. माणसाचं वय वाढतं तसं शहाणपण वाढतं असं म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

उदगीरची आरागिरणी म्हणाली, ओंडका घेऊन या, फळ्या घेऊन जा. फक्त वाटेत लाकूड दिसलं तर वन खात्याचा परवाना लागतो. परवान्याला तहसीलचं पत्र लागतं. पत्राला तलाठ्याचा पंचनामा लागतो. चिंच म्हणजे सरकारी यादीतलं झाड; ती बाभळीसारखी बेवारस नव्हे.

तलाठी आला. कोवळा पोरगा होता आणि मास्तरांचा विद्यार्थी नव्हता, ही पहिली अडचण. त्यानं झाडाभोवती फेरी मारली आणि लिहायला सुरुवात केली.

"झाड आपोआप पडलं?"

"हो," मास्तर खुर्चीतून म्हणाले.

"वय झालं होतं?"

"भरपूर."

"आतून पोकळ होतं?"

मास्तरांना खोकल्याची उबळ आली. ती सरल्यावर ते म्हणाले, "एवढं लिहितोच आहेस तर खाली माझंही लिहून ठेव. तुझी एक चक्कर वाचेल."

पोरगं बावरलं. चहा न घेताच गेलं. पंचनामा तहसीलला पोचला तेव्हा तिथल्या कारकुनानं केरबाला सांगितलं की झाड तोडण्याचा नमुना आहे, पडण्याचा नाही. "तोडलं म्हणून लिहून द्या." तोडलं म्हणून लिहिलं तर विनापरवाना तोडल्याचा दंड. पडलं म्हणून लिहिलं तर नमुना नाही. आणि साहेब लातूरला बैठकीला. आमची चिंच कायद्याच्या दृष्टीनं ना उभी होती ना आडवी.

तेव्हा केरबानं डोकं चालवलं. केरबा म्हणजे उभं आयुष्य एसटीची गाडी चालवलेला माणूस. ज्याला इंजिन आहे ते आपल्याला चालवता येतं, अशी त्याची श्रद्धा आहे.

"वैनी, लाकूड हलवायचं म्हणून परवाना लागून राहिला ना? मग आपण लाकूड हलवायचंच न्हाई. गिरणीच हिकडं आणू." त्यानं मोबाईलवर एक माणूस दाखवला. कुठल्याशा थंड मुलखातला तो गोरा, दाढीवाला माणूस, झाडं कापायच्या कटरला लोखंडी चौकट लावून, ओंडक्यातून फळी अशी काढत होता जशी मी खरवसाची वडी काढते.

रविकिरणला पुण्याला फोन केला. रविकिरणला रजा मिळत नाही, पण वस्तू लगेच मिळते. चार दिवसांत कटर मशीन आलं, चौकट आली, डोळ्यांचा चष्मा आला. "अप्पांना म्हणावं, काही लागलं तर सांगा," असं तो फोनवर म्हणाला. अप्पांना काय लागत होतं ते खोक्यात मावणारं नव्हतं.

केरबानं जुनी खाकी चढवली, डोक्यावर मोटारसायकलचं हेल्मेट घातलं, आणि मशीन हातात घेऊन नुसताच उभा राहिला.

"आता काय?" मी विचारलं.

"डबल बेल कुठं झाली? कंडक्टरनं बेल दिल्याबिगर मी कधी गाडी हलवली न्हाई, वैनी. हात चालतच न्हाई."

मास्तरांनी मला देवघरातली घंटा आणायला सांगितली.

"अहो, पूजेची घंटा!"

"देवाला घाई नाही. मला आहे."

तेव्हापासून असं ठरलं: मास्तर खुर्चीत बसणार, घंटा मांडीवर. दोन टोले म्हणजे चालू, एक टोला म्हणजे थांब. मास्तर एक टोला फार वेळा द्यायचे. थांबवायचे, वाकून बघायचे, "पुढं," म्हणायचे. एसटीची बेल त्यांनी सगळ्या हयातीत नुसती ऐकली होती. शेवटी का होईना कंडक्टर झाले.

पहिला काप सरळ जावा म्हणून ओंडक्यावर शिडी बांधायची आणि तिच्यावरून चौकट सरकवायची, असं त्या दाढीवाल्यानं सांगितलं होतं. त्याची शिडी लोखंडी असावी. केरबानं आपली वेळूची आणली. त्यामुळं पहिली फळी एका टोकाला पाटासारखी जाड आणि दुसऱ्या टोकाला भाकरीसारखी पातळ निघाली. भुसा मात्र उत्तम पडला. गल्लीतल्या कोंबड्या त्यात दोन दिवस लोळल्या.

मग सुतार मल्लेश आला. तो तेलंगणाकडचा. लग्नसराईच्या दिवाणांची कामं हातात असली आणि दुसरं काम टाळायचं असलं की तो शास्त्र सांगतो. त्यानं फळीवर थुंकी लावून बघितली.

"ओलं हाय अय्या. लई ओलं. असं लाकूड एका इंचाला एक साल वाळवावं लागतंय."

"म्हणजे दोन इंची फळीला..." मास्तर म्हणाले.

"दोन सालं."

डॉक्टरांनी काय सांगितलं ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. मल्लेशलाही आत्ताच आठवलं असावं, कारण तो आपल्या पटाशीची धार बघू लागला.

मास्तरांनी थोडा विचार केला. "मग पातळ काप," ते म्हणाले.

केरबा एकटाच हसला आणि हसता हसता तोंड फिरवून उभा राहिला. मला आत दूध उतू चालल्याची आठवण झाली. दूध सकाळीच तापवून ठेवलेलं होतं.

"बाकडं ओलंच कर," मास्तरांचा आवाज मला आत ऐकू आला. "वाकलं तर वाकलं. वाकलेलं बघायला मी थोडाच असतो."

मल्लेश शेवटी कबूल झाला. फळी सरळ निघू दे, पाय मी लावतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुसरा काप धरला. अर्ध्यात आला असेल नसेल, मशीन किंचाळलं. ठिणग्या उडाल्या, चेन तुटली आणि सापासारखी वळवळत कुंपणावरून गेली ती गुणाबाईच्या बाजेवर वाळत घातलेल्या कुरडयांत पडली.

गुणाबाई धावत आली. मी कुरडयांबद्दल चार शब्द ऐकायची तयारी केली. पण ती माझ्याकडं बघेचना. केरबानं कापात पाचर मारून लाकडातून एक खिळा उपसला होता. जुना, लोहारी, बोटाएवढा. लाकडानं त्याला केव्हाच पोटात घेतलं होतं. त्याच्याभोवती केस गुंडाळलेले होते. गुणाबाई जागच्या जागी खाली बसली.

"ठोका! आधी तो मोळा परत आत ठोका!"

"काहून? काय हाय हे?" केरबा म्हणाला.

"तुमची माय हाय!"

आमच्याकडं हे जुनं आहे. मेलेलं माणूस घरच्यांना छळू लागलं की देवऋषी त्याला खिळ्यानं झाडाला बांधून टाकतो, आणि झाड म्हटलं की चिंच. मला हे सगळं माहीत होतं. फक्त ते झाड आमचं होतं, हे माहीत नव्हतं.

"माझ्या मायला?" केरबानं हेल्मेट काढलं. "मी पुण्याच्या गाडीवर रातच्या रात जागून राहिलो, अन् तू हिकडं माझ्या मायला झाडाला ठोकलीस?"

"मग काय करू? आत्याबाई रोज सपनात यायच्या. कालवण चाखायच्या अन् अळणी हाय मनायच्या. जित्या होत्या तवा मनायच्या ते मनायच्याच, मेल्यावर बी सुटका न्हाई! तुमाला काय, तुम्ही ढाब्यावर जेवायचे."

"अळणीच असतंय ते!"

नवराबायकोच्या भांडणात मी सहसा पडत नाही, ऐकते फक्त. पण हे वाक्य ऐकलं आणि मला कळलं की बाकडं आता लांबलं.

केरबा घरी गेला आणि त्यानं स्वतःची चूल वेगळी मांडली. मशीन ओसरीत पडून राहिलं, ओंडका तोंडात पाचर धरून अंगणात. शिवाय गल्लीत बातमी गेली. मागच्या आळीची शिवकांता हळूच येऊन म्हणाली, "अक्का, अजून काही मोळे निघाले का? तांबडं कापड गुंडाळलेला असंल तर तेवढा आमचा हाय." मग आणखी एक आली, मग आणखी एक. कुणाचा दीर होता, कुणाची सवत. मी नवी नवरी असल्यापासून अमावस्येला ताक मागायला येणाऱ्या बायका ताकासाठी येत नव्हत्या, हे मला आता कळलं. गावच्या मसणवट्यात कमी आणि माझ्या दारात जास्त अशी वस्ती होती. मला भीती वाटली नाही, अपमान वाटला. पाहुणे ठेवायचे होते तर घरच्या बाईला एका शब्दानं विचारायचं होतं.

इकडं मास्तर उतरत चालले. पायांना सूज आली, आवाज बारीक झाला. पाऊस लागला तसा आम्ही ओंडक्यावर पत्रे टाकले. रविकिरणनं दुसरं यंत्र पाठवलं, प्राणवायूचं. घरात एक यंत्र सुरू होत नव्हतं आणि दुसरं बंद करता येत नव्हतं.

एके दिवशी मास्तरांनी केरबाला आणि गुणाबाईला बोलावलं. दोघं आले आणि एकमेकांकडं पाठ करून उभे राहिले.

"केरबा," मास्तर म्हणाले, मध्ये मध्ये थांबत, "तुझ्या आई शेवंताबाई एवढी वर्षं माझ्या पाठीशी होत्या. मी रोज तिथं रेडिओ लावायचो. बातम्या, भजनं, शेतीचा कार्यक्रम. त्यांनी कधी तक्रार केली?"

"न्हाई मास्तर."

"गुणाबाई, आता त्यांना मोकळं सोडलं तर त्या कुठं जातील?"

"कुठं जातील? आमच्याच घरी येतील की!" गुणाबाईनं पदर तोंडाला लावला.

"मग इथंच राहू द्या. बाकडं झालं की एका टोकाला, खालच्या बाजूनं, तो खिळा ठोका. त्या एका टोकाला, मी एका टोकाला. मलाही पुढं सोबत लागेलच की कुणाची."

"आणि मी कुठं बसू?" मी विचारलं. असल्या वेळी असलं विचारू नये, पण तोंडातून गेलं.

"तू मधी. आल्यागेल्याला चहा कोण देणार?" आणि मग हात जरासा वर करून ते म्हणाले, "साकु." त्यांच्या आईची भाषा कानडी, पुरे म्हणायचं असलं की ते कानडीत म्हणत.

केरबानं नवी चेन बसवली, कानशीनं धार लावली. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून तो ओंडक्यावरून फिरवला. चुंबक इतक्या ठिकाणी चिकटला की शेवटी तो म्हणाला, "वैनी, हिकडून नको, तिकडल्या अंगानं काढू. हिकडं लई गर्दी हाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी उघडीप मिळाली. रस्त्यानं धुतलेले देवणी बैल चालले होते. मास्तरांना आम्ही खुर्चीसकट अंगणात आणलं, प्राणवायूची नळी काढून ठेवा म्हणाले म्हणून ती काढली. त्यांनी दोन टोले दिले. केरबानं मशीनची दोरी ओढली.

त्या मशीनच्या आवाजात माणसाला आपला विचारही ऐकू येत नाही. मी आत चहा गाळत होते. केरबा सांगतो, त्या दिवशी मशीन लोण्यात सुरी चालावी तसं चाललं. थांबायचा टोला एकदाही आला नाही. त्याला वाटलं, मास्तर आज खूश दिसतात. तो मान वर न करता कापत गेला, पार ओंडक्याच्या शेवटापर्यंत. फळी सुटी झाली. मशीन बंद झालं.

"मास्तर!" तो ओरडला. "आज सिंगल मारलीच न्हाई! एका दमात, नॉनस्टॉप!"

मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा केरबा हेल्मेट हातात धरून उभा होता. मास्तर खुर्चीत होते, नजर फळीवर, घंटा मांडीत, बोट घंटेच्या कडीत अडकलेलं. "वैनी," केरबा म्हणाला. मी कपबशी कुठं ठेवली ते मला अजून आठवत नाही. सापडली मात्र नाही.

लोक जमले. कुणी म्हणालं, खाली घ्या, आडवं करा. मी ओरडले, "आडवं करू नका! आमच्यात बसवतात!" लिंगायताचं माणूस बसून जातं. मांडी घालून, भिंतीला टेकून, कपाळाला विभूती, हातात इष्टलिंग. पण आमच्या भिंतींना रविकिरणनं गुळगुळीत फरश्या लावल्या होत्या, पुसायला सोप्या म्हणून. मास्तरांना टेकवावं तर ते घसरत. पुन्हा सरळ करावं, पुन्हा घसरत. उभ्या आयुष्यात ज्यांनी वर्गात कुणाला वाकडं बसू दिलं नाही, ते माझ्या डोळ्यांदेखत कलत होते आणि मी, जिचा नवरा आत्ताच गेला होता, फरश्यांवरून माणसांशी भांडत होते.

केरबा अंगणात गेला. मल्लेशला हाताशी घेऊन त्यानं ती नवी फळी उचलून आणली आणि भिंतीला उभी केली. ओली, खरबरीत, करवतीचे दात उमटलेली, आंबूस वासाची. मास्तरांची पाठ तिला टेकवली. मास्तर बसले.

त्याच फळीला टेकवून त्यांना आंघोळ घातली. तिच्यावरून पाण्याच्या घागरी गेल्या. मल्लेश दाराशी उभा होता. लाकडाला पाणी लागू देऊ नका असं त्याला म्हणायचं असणार, पण त्यानं घागरींना वाट करून दिली. स्वामी आले, त्यांनी आमच्या रीतीप्रमाणं मस्तकावर पाऊल ठेवलं. सांज व्हायच्या बेताला रविकिरण पोचला. मास्तरांना फुलांच्या विमानात बसवून नेताना त्यानं मागं वळून भिंतीकडं बघितलं. "आई, अप्पा कशाला टेकले होते?"

"तू पाठवलेल्या मशीनला," मी म्हटलं. एवढं मी बोलायला नको होतं. पण तो लहानपणी रडायचा तसा रडला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

फळी वाकली. मधोमध पाठीएवढी खोलगट झाली. मल्लेश म्हणाला, रंधा मारून सरळ करतो. मी त्याला रंधा पिशवीतून काढूही दिला नाही. त्यानं दिवाळीनंतर पाय लावले आणि शेवंताबाईचा खिळा डाव्या टोकाला, खालून ठोकला. ठोकताना केरबा हात जोडून उभा होता आणि गुणाबाई स्वतःच्या घरात दार लावून बसली होती. लाकूड वाहतुकीचा परवाना नंतर आला. आता हलवायला काही उरलं नव्हतं.

घंटा परत देवघरात गेली. पूजेला मी ती एकदाच वाजवते. चुकून दोनदा वाजली तर केरबा कुंपणावरून डोकावतो.

संध्याकाळी मी बाकड्यावर मधी बसते. लाकूड अजून वाळतं आहे; मधूनच कडकन आवाज करतं. गुणाबाई येते आणि उंबऱ्यावर टेकते. बाकड्याला शिवत नाही. परवा तिचे गुडघे फारच दुखत होते.

"वर बस गं," मी म्हटलं.

ती उजवीकडं वळली.

"तिकडं मास्तर असतात."

ती थांबली. मधी मी होते, आणि मी सरकणार नव्हते. तिनं डाव्या टोकाकडं बघितलं, गुडघ्यावरून हात फिरवला, पुन्हा बघितलं. मग तिनं डोक्यावर पदर घेतला, पुढं चांगला कपाळापर्यंत ओढला, आणि कडेवर अर्धी टेकली. रस्त्यानं बैल गेले.

"आज मीठ बराबर पडलंय, आत्याबाई," ती खाली मान घालून म्हणाली.